वळचणीचा धडा

आठवीतला जुलै. चाचणीचे पेपर तपासून झाले होते आणि गणितात मी पास की नापास, याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत चालली होती. मी त्याच खिडकीखाली, वळचणीला, भिंतीला पाठ लावून उभा. जुन्या कौलारू इमारतीला पन्हळ नव्हती. पागोळ्यांनी खालच्या मातीत खळग्यांची सरळ ओळ पाडली होती, पट्टीने आखल्यासारखी. त्या पाण्याच्या आवाजात आतलं धड ऐकूही येईना. खांदा मात्र भिजला. तेवढ्यात इंग्रजीच्या बाई खिडकीशी आल्या.

बाईंनी मला वर्गात आणलं आणि फळ्यावर लिहिलं : ईव्हज्ड्रॉप.

"आत्ता कुठे उभा होतास रे?"

"वळचणीला."

"अंगावर काय पडत होतं?"

"पागोळ्या."

"झाला की शब्द! ईव्हज म्हणजे वळचण, ड्रॉप म्हणजे थेंब. आणि तू करत होतास तो त्याचा अर्थ : चोरून ऐकणं."

गणितात उडालोच, ते सोडा.

पुढे वकिलीत पडल्यावर या शब्दाच्या मागे लागलो. मुळात तो पाण्याचाच : छपराचं पाणी ठिबकतं ती जागा. इंग्लंडात केंटमधल्या इ.स. ८६८ च्या एका सनदेत या पाण्यासाठी दोन फूट जागा सोडल्याचा उल्लेख आहे. आपली पागोळी शेजाऱ्याच्या हद्दीत पडू नये, एवढाच हेतू. पण त्या चिंचोळ्या पट्टीत उभं राहून भिंतीला कान लावणारे निघाले आणि शब्द त्यांना चिकटला. इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने १७६९ मध्ये अशांना सार्वजनिक उपद्रवात गणलं. इंग्लंडने हा गुन्हा १९६७ साली रद्द केला; माझा त्यानंतरचा, म्हणजे मी विलायतेतही निर्दोष!

गंमत पुढेच आहे. आपल्याकडच्या १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात, कलम २३ च्या उदाहरणात, ‘ईव्हज’ अजून आपल्या जुन्या पाण्यासकट बसलंय. शेजाऱ्याच्या जमिनीवर पागोळ्या पाडायचा हक्क असलेल्याने छप्पर पुढे काढावं, पण शेजाऱ्यावरचा भार वाढता कामा नये.

गेल्या पावसाळ्यात असाच एक दावा आला. कलमातलं ‘ईव्हज’ वाचून माझा ज्युनियर म्हणाला, "सर, आपला पक्षकार चोरून ऐकत होता, असं म्हणणं आहे का त्यांचं?" मी त्याला पक्षकाराच्या परसात नेलं आणि मातीतली खळग्यांची ओळ दाखवली.