आमची वाटचाल : लाल कागदाचे टॉर्च

२००८ साली सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आमचं ट्रेक नेण्याचं काम सुरू झालं. भांडवल म्हणजे दोन दोर, एक प्रथमोपचार पेटी आणि पंचवीस हेडटॉर्च. प्रत्येक टॉर्चच्या काचेवर, उजेडाचा काजव्यांना त्रास नको म्हणून, लाल जिलेटिन कागद, दोन पदरी, वर रबरबँड. एकपदरी कागदातून उजेड फुटतो. ते टॉर्च अजून चालू आहेत, पट्टे तेवढे बदलले.

राजमाची किल्ल्यावर काजवे बघायला नेण्याची बॅच मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत. लोणावळ्यापर्यंत गाडी, पुढे पायी, मुक्काम किल्ल्यावरच्या उधेवाडी गावात मामींकडे. त्यांची पहिल्याच वर्षी अट, "पुण्याहून डबे आणायचे नाहीत." तेव्हापासून पिठलं-भाकरी त्यांच्याच चुलीवरची. आमच्याकडे पत्रकं छापायला पैसे नव्हते, तेव्हा मुक्कामाचा हिशेब त्यांनी दिवाळीपर्यंत थांबवला होता.

मधली वर्षं बरी गेली.

२०१७ला पुण्यातल्याच एका कंपनीनं (नाव घेत नाही) आमचाच रूट निम्म्या दरात सुरू केला. शनिवारी गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत. हेडलाइट चालू, स्पीकर चालू, पोरं काजवे बाटलीत भरतायत. तळ्याकाठच्या शंकराच्या देवळात बूट घालून दारू प्यायले लोक. एवढ्या माणसांनी गावातून घेतलं काय? पाणी. तेही मे महिन्यात, विहिरीचा तळ दिसत असताना.

नर काजवा उडता उडता लुकलुकतो, मादी झुडपावर बसून उत्तर देते. मध्ये हेडलाइट आला की खूण पोचत नाही. जोडी नाही तर अंडी नाहीत. अळ्या पाल्याखाली, ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढतात. ती मातीच तुडवली.

२०१९ला आमचा नेहमीचा उतार काळाकुट्ट. लोक विचारत होते, "काजवे कुठेत?" दोन बॅचचे पूर्ण पैसे परत केले. मामींनी गर्दी बघून बचत गटाचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या होत्या, त्या रिकाम्या. त्या कंपनीनं पुढच्या मोसमाची जाहिरात दुसऱ्याच गावाची केली. मग लॉकडाउन आला, आमची गाडी विकली गेली. त्या कंपनीनं मामींना साधा फोनही केला नाही, याचा राग अजून आहे.

नवीन ट्रेक लीडरांना सांगतो, बॅच वीसच्या वर नेऊ नका. आपला दर ठरवण्याआधी गावातल्या जेवणाचा आणि मुक्कामाचा दर विचारा. फोटोसाठी फ्लॅश मारणाऱ्याला परत पाठवा, पैसे गेले तरी चालतील.

२०२२च्या जूनमध्ये मामींचा फोन आला. "ओढ्याकडं थोडे दिसतायत. गर्दी आणू नका, भाऊ." आम्ही चौदा जण गेलो. दारातच मामींनी एकेक टॉर्च हातात घेऊन कागद तपासला. दोघांचा एकपदरी निघाला. ते टॉर्च सकाळपर्यंत त्यांच्या फडताळात राहिले.