जुने लॉकिंग प्लायर आणि शनिवारची उठाठेव

शनिवार, रात्र. हात धुतलेत तरी तेलाचा वास जात नाहीये.

सकाळी इथे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराच्या दक्षिणेला एका फार्मवर इस्टेट सेल होता, म्हणजे म्हातारे मालक गेले की मुलं घरातलं आणि गोठ्यातलं सगळं विकायला काढतात तो प्रकार. बाकीची मंडळी फर्निचर बघत होती, मी सरळ शेडमधल्या वर्कबेंचखाली. तिथे कॉफीच्या डब्यांत पाने, पक्कडी, नटबोल्ट सगळं गंजून एक झालेलं, आणि त्यात दोन लॉकिंग प्लायर, म्हणजे एकदा दाबून लॉक केलं की हात काढला तरी पकड न सोडणाऱ्या पक्कडी. बायको म्हणाली परत भंगार आणलंस, तर आणलं, काय करणार.

नेब्रास्कात राहून हा नाद लागला नसता तरच नवल, कारण ही वस्तूच इथली आहे. डी विट नावाचं एवढंसं गाव, तिथे विल्यम पीटरसन म्हणून डेन्मार्कहून आलेला लोहार होता. भट्टीवर काम करताना एक हात तापलेला तुकडा धरण्यातच अडकतो, त्यावर उपाय म्हणून त्याने आधी पुठ्ठ्याचे नि लाकडाचे नमुने कापून बघितले असं सांगतात. लॉक होणाऱ्या हँडलचं पेटंट १९२४ चं, नंबर १४८९४५८. सुरुवातीला गाडीच्या डिकीत माल टाकून शेतकऱ्यांना नि मेकॅनिकना विकायचा, कंपनी १९३४ ला, आणि १९३८ ला गावात कारखाना काढला तेव्हा ३७ माणसं कामाला. मग महायुद्ध आलं, जहाजं बांधणाऱ्यांना वेल्डिंगआधी पत्रे धरून ठेवायला ही चीज लागली आणि व्हाइसग्रिपचं, म्हणजे पीटरसनच्या या प्लायरच्या ब्रँडचं, नाव झालं.

ओळखायचं कसं, तर मी पहिल्यांदा बघतो तो खटका. आतल्या हँडलवर सोडवायचा छोटा खटका असेल तर तुकडा १९५७ च्या आधीचा नाही, हे जवळजवळ डोळे मिटून सांगता येतं. त्याआधीच्याला खटकाच नाही, लॉक झाला की दोन्ही हँडल जोर लावून फाकवायची, आणि नीट घट्ट बसलेला असला तर सुटताना असा फटकन सुटतो की बोटं सांभाळावी लागतात. आत फार काही नसतं, दोन हँडलांच्या मधे एक तिरकी पट्टी, दाबत गेलं की पट्टी नि हँडलचे सांधे एका रेषेत येतात आणि रेषेच्या किंचित पलीकडे गेले की अडकले. मग हात काढा, जबडा सोडत नाही. मागच्या स्क्रूने पट्टीचं टोक पुढेमागे होतं, म्हणून जाड पाइपही धरतो आणि खिळाही. खटक्याचं काम इतकंच की त्या पट्टीला ढोसून रेषेच्या अलीकडे आणायचं. इतकी साधी गोष्ट सुचायला ३० वर्षं का लागली कोण जाणे, पण मला विचाराल तर बिनखटक्याचाच जास्त आवडतो, त्याच्यात फालतू काही नाही.

मग अक्षरं. ७ नि १० हे आकडे लांबीचे, इंचात. डब्ल्यू म्हणजे जबड्याच्या मुळाशी तार कापायची धार, आर म्हणजे खटकेवाला, त्यामुळे नुसतं १०डब्ल्यू दिसलं की माझे कान टवकारतात आणि १०डब्ल्यूआर दिसलं की भाव पाडून मागतो, ते इथे पोत्याने मिळतात. पेटंट पेंडिंग, म्हणजे अर्ज केलाय पण पेटंट अजून मिळालेलं नाही, असं लिहिलेलं असलं तर मस्तच. पेटंट नंबरवरून मात्र लोक फार गोंधळ घालतात. १९२४ चा नंबर दिसला की वस्तू १९२४ ची असं धरून चालतात, अरे बाबा, नंबर एवढंच सांगतो की त्याच्या आधीची नाही, नंतर कितीही वर्षं तोच नंबर ठोकत राहतात. दोनतीन नंबर असतील तर सर्वात मोठा बघायचा. अमेरिकेत १९४२ सालचे नंबर २२६८५४० पासून सुरू होतात, त्याच्या वरचा नंबर हँडलवर असेल तर युद्धाआधीचा माल म्हणून विकणाऱ्याला हसून नमस्कार करायचा.

हे सगळं वाचता आलं पाहिजे पण. गंज दिसला की लोक सरळ ग्राइंडरला वायर ब्रश लावतात, गंज जातो आणि त्याबरोबर वरचा निकेलचा मुलामा पण जातो, अक्षरं पण. मी व्हिनेगरमधे बुडवून ठेवतो, मधेमधे बघतो, मग पितळी ब्रश, मग पाण्याने धुऊन लगेच तेल. अक्षर पुसट असेल तर खडू चोळून टॉर्च आडवा धरायचा, अंधारात अजून चांगलं दिसतं.

तर आजचे दोन. एक १०डब्ल्यूआरच निघाला, तो गॅरेजमधे वापरायला. दुसऱ्यावर मात्र व्हाइसग्रिप नाहीच, लेव्हर-रेंच लिहिलंय, ग्लेनव्हिल, नेब्रास्का! म्हणजे याच राज्यातलं दुसरं एक छोटं गाव, तिथली लेव्हरेज टूल्स कंपनी. लोक डी विटच्या मागे धावतात म्हणून याला कोणी हात लावला नव्हता. असाच दुर्लक्षित म्हणजे कनेक्टिकटच्या सीमोर स्मिथ कंपनीचा स्नॅप-लॉक, तो आहे माझ्याकडे. आणि इंग्लंडचा मोल, १९५५ पासूनचा, तो अजून मिळालेला नाही, तिकडे असलेल्या मित्राला सांगून ठेवलंय पण तो बॅगेत वजन नाही म्हणतो.

येताना डी विटवरून आलो, वाट वाकडी करून. कारखाना २००८ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाला, काम चीनला गेलं, तीनशेच्या वर नोकऱ्या गेल्या, आणि गाव किती, पाचशे-सहाशे वस्तीचं. पुढे मिनेसोटाच्या माल्को कंपनीने तीच जागा घेऊन ईगल ग्रिप नावाने परत प्लायर काढले, चांगले होते, महाग होते, त्यांनीही ते सोडलं. चीनमधला नवा व्हाइसग्रिप वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या शेजाऱ्याकडे आहे आणि नीट धरतो. जमवायला मात्र मला तो नको.

लेव्हर-रेंच आत्ता व्हिनेगरमधे आहे, स्क्रू हलत नव्हता तो थोडा हलायला लागलाय, उद्या तेल घालून बघेन. पुढच्या शनिवारी बिॲट्रिस गावाकडे एक सेल आहे, फोटोत डब्याच्या तळाशी सरळ जबड्याचा बिनखटक्याचा १० दिसतोय. वीस डॉलरच्या वर जाणार नाही असं ठरवलंय, बघू.