उद्याचा तास

रविवार, रात्री साडेनऊ

उद्या सहावीला परिमिती आणि क्षेत्रफळ. टाचणवहीत घटक, उद्दिष्ट, साहित्य हे रकाने चटकन भरले. माझा वेळ जातो तो ज्याला रकानाच नाही अशा गोष्टीवर: लेकरं नेमकी कुठं अडकतील?

या पाठात ती जागा पक्की आहे. कुंपणाला तार तेवढीच लागली म्हणजे रानही तेवढंच, असं त्यांना मनापासून वाटतं. (मोठ्यांनाही वाटतं.) म्हणून सूत्र नंतर, आधी आगपेटीच्या 16 काड्या. त्यांचा 7 बाय 1 चा आयत, मग 6 बाय 2 चा, मग 4 बाय 4 चा चौरस. काड्या त्याच, पण आत बसणारे चौकोन 7, 12 आणि 16. एवढं डोळ्यांनी दिसलं की अर्धा पाठ झाला.

शेवटचा प्रश्न मात्र मी सगळ्यात आधी लिहिला: सोयाबीनचं रान 99 फूट लांब, 66 फूट रुंद. कुंपणाला एकेरी तार किती, आणि रान किती गुंठे? गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, हे घरोघरी ठाऊक असतं. तार 330 फूट, रान 6 गुंठे. या प्रश्नापासून मागं येत पाठ मांडला. पहिलं उदाहरण मी फळ्यावर सोडवणार, मनातला विचारही मोठ्यानं बोलत: 'आपल्याला बांध मोजायचाय की आतलं रान?' दुसरं सगळे मिळून. तिसरं ज्याचं त्यानं. गटकार्य मलाही आवडतं, पण नवी गोष्ट आधी शिक्षकानं नीट उलगडून दाखवलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

टाचणात प्रत्येक प्रश्नापुढं 'थांब' लिहिलंय. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम 1 सेकंद थांबतात आणि 3 सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी, विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं. मागच्या बाकावरच्या अबोल लेकरांना तेवढी सवड हवीच असते.

दिवाळी सरली की यातली काही जण आईबापासोबत ऊसतोडीला जातील, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतील. 'उरलेलं उद्या' म्हणावं, तर उद्या वर्गात कोण असेल याचा नेम नसतो. म्हणून शेवटची 10 मिनिटं फक्त त्या रानाच्या प्रश्नाची. घंटा व्हायच्या आत बाकाबाकाशी जाऊन वह्या बघायच्या. वेळ कमी पडला तर मधलं उदाहरण गाळेन, ही 10 मिनिटं नाही.