आठ टप्पे आणि एक बेल

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरात म्हणूनच अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, आणि सगळं जग त्या हिशेबात. माणगावहून दिवेआगर किती? आठ टप्पे, थोडे इकडेतिकडे.

ऑक्टोबरात चार दिवस घरी होतो. भाच्याची गिअरची सायकल पडवीत धूळ खात पडलेली. तिची साखळी पुसली, तेल घातलं आणि शनिवारी सहाला निघालो. बाबा पायरीवर चहा पीत बसले होते. एकटा का चाललास वगैरे त्यांनी काही विचारलं नाही. "हवा बघितलीस?" एवढंच. मग म्हणाले, "चल, डबल बेल." लाल गाडीतून फिरलेल्यांना सांगायला नको: दोनदा घंटी म्हणजे सुटा, एकदा म्हणजे थांबा.

दिघी बंदराकडे जाणारा हा रस्ता आता रुंद आणि काँक्रीटचा झालाय. गाडीवाल्यांची चैन, पण सायकलवाल्याला त्यात मजा नाही. मोर्बा गेल्यावर मी डावीकडच्या गाडीवाटेला लागलो. हळवं भात कापून झालेलं, गरवं अजून उभं, दवानं वाकलेलं. कापलेल्या भाताचा तो ओलसर गोड वास शहरात कुठल्या बाटलीत मिळत नाही. वाट अर्धा किलोमीटर छान चालली, मग बांध झाली आणि पुढे बांधही संपला. समोर चिखल. भारे बांधणाऱ्या एक आजी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"कुठं चाललाव?"

"दिवेआगरला."

"ह्या वाटंनं?" त्या इतक्या हसल्या की शेजारच्या शेतातलेही वर बघायला लागले. सायकल खांद्यावर घेऊन परत फिरलो. चपलेत चिखल, पायात कुसळं. एका घराच्या दारावर नवं बांधलेलं दिसलं: भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुर्डू. नवान्न पौर्णिमा होऊन गेलेली, लोंब्या अजून पिवळ्याजर्द होत्या.

साई गावापाशी माझा फोन वाजला. "कुठवर?" सांगितल्यावर बाबा म्हणाले, "घोणश्याचा उतार लो गिअरला उतर. ब्रेकवर भरवसा ठेवू नको." सायकलला लो गिअरनं काय होणार, पण वाद घातला नाही. घाटात खरंच दोन्ही ब्रेक दाबून, जवळजवळ पायी चालल्यासारखा उतरलो. हात म्हसळ्यापर्यंत थरथरत होते. स्टँडसमोर दोन वडापाव आणि कटिंग. ऊन आता अंगाला चिकटायला लागलेलं. ऑक्टोबर हीट हा शब्द ज्यानं काढला त्यानं कोकणात सायकल चालवलेली असणार.

मेंदडीच्या बाजूला समुद्राआधी खाडी भेटते. ही राजपुरीची खाडी, इतक्या आत घुसलेली. ओहोटी होती. कांदळवनाची मुळं उघडी पडलेली, चिखलात बारके खेकडे एक नांगी हलवत उभे. वासानं नाक मुरडणारे असतील, मला तो आवडतो. इथे मी सर्वात जास्त वेळ थांबलो, अर्धा तास तरी. काही केलं नाही. पाणी भरायला लागलं तेव्हा निघालो.

बोर्ली पंचतन ओलांडलं की नारळ-सुपारीच्या वाड्या सुरू होतात आणि हवा एकदम गार होते. पण जुनी माणसं म्हणतील, सावली पूर्वीसारखी नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ इथेच धडकलं. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. नंतर लावलेली रोपं आता माणसाच्या उंचीपलीकडे गेलीत, पण मधूनमधून आभाळ दिसतं ते त्या दिवसाचं.

बाबांची वस्तीची गाडी इथे यायची. रात्री ड्रायव्हर पुढच्या बाकावर, बाबा मागच्या लांब सीटवर, तिकिटांची आणि पैशांची पिशवी उशाला. पहाटे पहिली गाडी सुटायची. रात्रभर गाज ऐकू यायची, पण हिशेबाची पिशवी सोडून जाणार कसं? एवढ्या वर्षांत ते समुद्रावर दोनदाच गेले. हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही बोलता बोलता.

सुरूच्या बनातून सायकल ढकलत नेली. वाळूत चाकं रुतली, तिथेच आडवी टाकली. किनाऱ्यावर दोन होड्या आणि एक कुत्रा. पाणी ऑक्टोबरातलं, पावसाळ्याचा गढूळपणा उतरलेलं. बाबांना फोन लावला.

"पोचलो."

"गाडी उभी राहायची तो पार आहे का अजून?"

"येताना बघितलं नाही. जाताना बघतो."

"बरं. मग एक बेल मार."

परत सायकलपाशी गेलो, वाळू झटकली आणि घंटी एकदा वाजवली.

"ऐकू नाही आली," ते म्हणाले. "वारा आहे वाटतं तिकडे."