मुक्ताईच्या माघवारीला ताल घेऊन

खान्देशात भजन करणाऱ्या मंडळांना पंढरपूर, आळंदी पाठ असतात. आमच्या अमळनेर भागात वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा तर घरचीच. पण आपल्याच जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला, मुक्ताईनगर आणि चांगदेवला माघात जी वारी भरते, तिथे पश्चिमेकडची मंडळं फारशी जात नाहीत, विशेषतः बायकांची. यंदा आमचं महिला मंडळ गेलं. मी ताल, म्हणजे भजनातले दोन वाट्यांचे टाळ, वाजवते, म्हणून हे लिहिणं तालकऱ्याच्या नजरेतून आहे. दर्शनाची माहिती कुणीही सांगेल. शेकडो ताल एकत्र वाजतात तिथे आपला ताल घेऊन उभं कसं राहायचं, हे सांगणारं मला जाण्याआधी कुणी भेटलं नाही.

आधी तिथी. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत ही यात्रा. दिंड्या एकादशीला मुक्ताईच्या दारी येतात, आणि महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवाच्या देवळात गर्दी लोटते. मुक्ताईचं जुनं मंदिर कोथळीला, नवं मुक्ताईनगर गावात. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. जुनी माणसं अजून तेच नाव घेतात, तेव्हा रस्ता विचारताना गोंधळू नका. तापीकाठचं मेहूण हे तिसरं ठिकाण. परंपरेप्रमाणे शके १२१९ म्हणजे १२९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मुक्ताई तिथेच कडाडणाऱ्या विजेत गुप्त झाली. तो सोहळा वैशाख वद्य दशमीला असतो. वैशाखात तिकडचं ऊन सोसणारं नाही, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माघच धरावा.

अमळनेरहून जायला सोपं आहे. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी धरून भुसावळ, तिथून वरणगावमार्गे एसटीने तासाभरात मुक्ताईनगर. धुळे, पारोळ्याकडच्या मंडळांना जळगाव गाठून महामार्गाने सरळ जाता येतं. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे मोठ्या मंडळालाही खर्च झेपतो. आधारकार्ड प्रत्येकीने आपल्याजवळ ठेवावं. एकीच्या पिशवीत सगळ्यांची ठेवली की वाहकासमोर खोळंबा होतो. यात्रेच्या दिवसांत बस ठासून भरलेली असते. मृदंग मांडीवर घेऊन बसायला मिळेलच असं नाही, म्हणून त्याला जाड गोधडीची खोळ शिवून घ्या.

तालांचं त्याहून जपावं लागतं. चांगला ताल काशाचा असतो, म्हणजे तांबं आणि कथील. कथील जास्त असल्यामुळेच तो इतका वेळ गुणगुणत राहतो, आणि त्यामुळेच तो ठिसूळही असतो. फरशीवर पडला तर केसासारखी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज फुटतो. पितळी ताल पडला तरी टिकतो, स्वस्तही असतो, मात्र त्याचा नाद लवकर मरतो. दोन वाट्या एकमेकींत घालून तशाच पिशवीत टाकू नका. मध्ये सुती फडका ठेवा. दोरी सुतीच हवी. नायलॉनची दोरी पहिल्या हरिपाठातच बोटं कापते. गाठ वाटीच्या आतल्या बाजूला नीट बसली आहे ना, हे निघायच्या आदल्या दिवशी ओढून पाहा. एक जादा दोरी जवळ ठेवा. आमच्या बरोबरच्या एकीची दोरी ऐन गजरात तुटली, तेव्हा हीच जादा दोरी कामाला आली.

आता मुख्य गोष्ट. गावात आपण दहा-पंधरा जणी असतो, ताल चार-पाच. मंडळ लहान असलं की प्रत्येक जण जोर लावते, कारण आवाज भरायचा असतो. माघवारीत पहिल्या संध्याकाळी हरिपाठाला उभं राहिलं की आजूबाजूला शंभरावर ताल. मृदंगाचा बोल ऐकू येईनासा होतो आणि हात आपोआप आणखी जोराने पडायला लागतो. माझंही तेच चाललं होतं. शेजारी मलकापूरकडच्या दिंडीतल्या एक वयस्क माउली होत्या. दोन अभंग झाल्यावर त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि म्हणाल्या, “बाय, तुझाच ताल तुला ऐकू येतोय का? मग हळू घे.”

त्यानंतर मी तासभर फक्त हेच केलं: माझा ताल मला वेगळा ऐकू येऊ लागला की हात हलका करायचा. थोड्या वेळाने मृदंग सापडला, मग पुढच्या रांगेतल्या बुवांचा श्वासही सापडला. मला वाटतं, कुठल्याही तालकऱ्याने एकदा तरी तिथे जावं ते याचसाठी. जोर करायला गावातही शिकता येतं. शंभर तालांत हलकं वाजवायला मात्र शंभर तालच लागतात.

त्या माउलींकडून आणखी दोन गोष्टी कळल्या. वाटी तळहातात दाबून धरायची नाही. दोरीचे वेढे बोटांना घ्यायचे आणि वाटी मोकळी टांगती ठेवायची, नाहीतर तळहात नाद गिळून टाकतो. आणि दोन्ही वाट्या तंतोतंत समोरासमोर आपटायच्या नाहीत. तशा आपटल्या की मधली हवा कोंडते आणि ‘थप्प’ असा मेलेला आवाज येतो. काठ काठावर किंचित सरकवून पडला की नाद खुला निघतो. डावी वाटी जवळपास स्थिर, उजवी तिच्यावर उतरते. भजनी ठेक्याच्या ८ मात्रांत सुरुवातीला सगळ्या मात्रांवर वाजवायची गरज नसते. मृदंग ज्या मात्रेवर वजन देतो तिथे खुला, बाकी दाबून. गजर चढून लय दुप्पट झाली की जाणती माणसं ताल कमी करतात, नवखी वाढवतात. पुढच्या रांगेकडे लक्ष ठेवलं की हा फरक लगेच दिसतो.

दिंडी चालत असते तेव्हा हिशोब वेगळा होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मृदंग आपल्यापासून ३४ मीटर पुढे असेल तर त्याचा ठेका आपल्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. द्रुत लयीत एवढं अंतर कानाला चांगलंच जाणवतं. लांब दिंडीच्या शेवटी असणाऱ्या बायका कानावर विसंबल्या की सगळी शेपूट मागे पडते. म्हणून चालताना पावलीकडे, म्हणजे सगळ्यांच्या ठेक्यात पडणाऱ्या पावलांकडे, बघावं. पुढच्या रांगेचा पाय पडेल तिथे आपला पाय, आणि पायावर ताल. डोळ्यांनी पाहिलेली सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, उशिरा पोचत नाही. पावली खेळण्यात आनंद तर आहेच, पण एवढ्या लांब रांगेला एका लयीत बांधून ठेवण्याचं कामही तीच करते असं मला तिथे चालताना पटलं.

वाजवायला जागा कुठे मिळते, हे महिला मंडळांनी आधी विचारून घ्यावं. कीर्तनात बुवांच्या मागे ज्या दोन ओळी उभ्या राहतात, त्यांत बहुतेक ठिकाणी पुरुषच असतात. हरिपाठ, काकडा आणि दिंडीतलं भजन यांत आम्हाला कुणी अडवलं नाही, उलट जागा करून दिली. तुमच्या मंडळाला स्वतंत्र भजनसेवा हवी असेल तर पंधरा-वीस दिवस आधी कुणी जाणत्या वारकऱ्यामार्फत निरोप पाठवा, ऐनवेळी वेळ मिळत नाही. वेळ मिळाली तर ताटीचे अभंग घ्या. भाऊ ज्ञानदेव रुसून दार लावून बसला, तेव्हा त्याला उघडायला लावणाऱ्या धाकट्या बहिणीचे ते अभंग. तिच्याच दारात बायकांनी ते म्हणावेत, याहून योग्य काय असणार. आमच्या मंडळातल्या सगळ्यात थोरल्या मायने ते म्हटले, ताल अगदी दाबून घेतले, आणि मांडवात बसलेल्या अनोळखी बायकांनी ध्रुवपद उचललं.

मुक्कामाचं. दिंड्यांचे फड, राहुट्या असतात आणि ओळखीच्या दिंडीत सामील झालात तर जेवण-झोपेची चिंता नाही. ओळख नसेल तर एखाद्या दिंडीच्या प्रमुखांना आधी भेटा, आणि शिधा बरोबर न्या किंवा भांडी घासायला, पोळ्या लाटायला बसा. फुकट जेवून निघून जाणं शोभत नाही. फेब्रुवारीत तिकडे दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे थंडी बोचते. चादरीवर भागत नाही, घोंगडी न्याच. पहाटेच्या काकड्याला थंड काशाला हात लावला की बोटं आखडतात. ताल पदराखाली धरून जरा ऊब दिली की बरं पडतं. बायकांना शौचालयाची अडचण सगळ्यात मोठी. गर्दी वाढायच्या आत, म्हणजे पहाटे चारच्या आधी, उरकून घेणं हाच खात्रीचा मार्ग. बॅटरी प्रत्येकीजवळ हवी.

खाण्यात एकादशी आणि शिवरात्र दोन्ही उपासाच्या. भगर, साबुदाणा सगळीकडे मिळतं, आणि हा तर केळीचा मुलूख. रावेर, सावद्याकडून आलेली मंडळी केळ्यांचे घड फडावर ठेवून देतात, येणारा-जाणारा घेतो. द्वादशीला पारण्याची वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी एका दिंडीत जेवलो. तूप हात राखून वाढत नाहीत तिकडे. एवढं मात्र सांगते, बट्टी जेवून लगेच पावलीला उभं राहू नका.

महाशिवरात्रीला चांगदेवला गेलो. मुक्ताईनगरहून जवळ आहे, वाहनं मिळतात, पण दिंडीबरोबर चालत जाण्यात जी मजा आहे ती जीपमध्ये नाही. देऊळ काळ्या दगडाचं, हेमाडपंती, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात. कोरीव काम नीट पाहायचं असेल तर शिवरात्र सोडून दुसरा दिवस घ्या. त्या दिवशी रांगेतून फक्त पुढच्याची पाठ दिसते. चांगदेव हे योगसामर्थ्यासाठी प्रसिद्ध. त्यांनी आळंदीला कोरा कागद पाठवला, त्यावर ज्ञानदेवांनी ६५ ओव्या लिहून पाठवल्या, ती चांगदेव पासष्टी. आणि गुरू केलं ते मुक्ताईला. ह्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्या गुरू-शिष्यांची देवळं एवढ्या जवळजवळ, आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि चालत एकाकडून दुसऱ्याकडे जाता येतं, हे पाहून मात्र मन भरून आलं.

संगमावर तापी मुलताईहून, बऱ्हाणपुरावरून येते आणि पूर्णा वऱ्हाडातून. दिंड्याही ह्याच दोन बाजूंनी येतात: बऱ्हाणपूरकडच्या एका अंगाने, बुलढाण्याकडच्या दुसऱ्या. त्यांच्या चाली वेगळ्या आहेत. एकच अभंग वऱ्हाडातल्या बाया संथ, लांबवून म्हणतात; तापीकाठची लेवा पाटीदार मंडळी तो उचलून, ठसक्यात घेतात. आमची अहिराणी वळणाची चाल ऐकून रावेरच्या बाया हसल्या, मग त्यांनीच ती दोनदा म्हणवून घेतली. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घ्या. चाल कागदावर उतरत नाही. विचारून मात्र करा, आणि कीर्तन चालू असताना मोबाइल वर धरू नका.

पाण्याबद्दल सावध राहा. संगमावरचं पाणी आता हतनूर धरणाच्या फुगवट्याचं आहे. काठ गाळाचा, पाय रुततो, आणि दोन पावलांवर खोल होतं. लेकरं आणि म्हातारी माणसं यांना तांब्याने अंघोळ घालावी. सकाळी लवकर पोचलात तर फुगवट्यावर थंडीत आलेले पाहुणे पक्षी दिसतात, तेवढं पाहून घ्या.

निघताना बाजारात ताल विकायला असतात. घ्यायचा असेल तर गजराच्या गोंगाटात घेऊ नका. दुकानदाराला सांगून दोन दुकानांमागे शांत जागी जा, दोरीला धरून वाटी टांगा, दुसरीच्या काठाने हलकेच टोला द्या आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबा. मध्येच खरखर आली तर चीर आहे. जोडीच्या दोन्ही वाट्या वेगवेगळ्या वाजवून पाहा. नाद लांब, पण हाताला जड असेल तर घाई करू नका. तासभर हरिपाठ उभ्याने वाजवायचा आहे, हे मनगटाला विचारून मगच पैसे द्या. आमच्या मंडळात एक नवी जोडी आली आहे. पुढच्या माघाला आणखी तीन मंडळं बरोबर यायची म्हणताहेत. पारोळा, चोपड्याकडच्या कुणाला यायचं असेल तर पौषातच ठरवा, म्हणजे एकत्र सराव करता येईल आणि हरिपाठाच्या चाली आधी जुळवून घेता येतील.