कंपनीची गाडी की बदललेली गाडी: पाट्यांच्या शेडपासून आमची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील आमचे गॅरेज आज फोर बाय फोर गाड्यांच्या कामासाठी ओळखले जाते, परंतु या व्यवसायाची सुरुवात कमान पाट्यांच्या, म्हणजे गाडीचे ओझे पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांच्या कामातून झाली. वडिलांनी जालना रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये पाटे बदलण्याचा आणि ठोकून पुन्हा वाकवून देण्याचा धंदा मांडला, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे मालट्रक, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि तालुक्याच्या गावी प्रवासी नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या. जीपवाले हमखास एखादा पाटा वाढवून मागत, कारण ठरलेल्या आसनांपेक्षा कितीतरी अधिक माणसे त्या गाडीत आणि गाडीला लटकून जात असत. वाढीव पाट्याने गाडी उंच दिसे, ओझे पेलले जाई, आणि काही महिन्यांतच शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीचे) बुश, मग शॉकअप आणि शेवटी पाटा धरणारे, चेसिसला रिबिटांनी बसवलेले हँगर उखडून येत. एका जागी वाढवलेली ताकद दुसऱ्या जागी जाऊन तोडफोड करते, हे आम्ही त्या शेडमध्ये शिकलो. आणि आजही एखादी उंच केलेली जुनी जीप तपासणीला आली, की टायर आणि दिव्यांकडे पाहण्याआधी आम्ही तिच्या हँगरखाली बॅटरीचा उजेड मारतो.

फोर बाय फोर गाड्यांकडे आम्ही ठरवून वळलो नाही. 2010 मध्ये महिंद्राची थार बाजारात आली, तेव्हा आमच्याकडे आलेल्या पहिल्या काही गाड्या शेतकऱ्यांच्या आणि कंत्राटदारांच्या होत्या. खरा बदल 2 ऑक्टोबर 2020 रोजी नवी थार आल्यानंतर झाला, आणि 2023 मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी आल्यावर तो आणखी वाढला. शहरात पैसा नव्हता असे नाही. 2010 मध्येच येथील लोकांनी एकाच खेपेत दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्याची बातमी देशभर झाली होती. पण वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांत नोकरी करणारे अभियंते, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी गाडी खोलून पाहणारे लोक, हे गिऱ्हाईक आम्हाला नवीन होते. त्यांच्याबरोबर तोपर्यंत कोणी न विचारलेला प्रश्नही आला: नवी किंवा जशीच्या तशी वापरलेली गाडी घेऊन हळूहळू तयार करावी, की दुसऱ्या कोणी लाखो रुपये घालून आधीच तयार केलेली गाडी विकत घ्यावी?

वरवर पाहता दुसरा मार्ग फायद्याचा वाटतो. मोठे टायर, लिफ्ट (गाडी उंच करण्याचे काम), लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढणारे विजेचे यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) यांवर झालेला खर्च विकताना बहुधा वसूल होत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला तो माल अर्ध्याहून कमी किमतीत पडतो. हे गणित चूक नाही, मात्र अपुरे आहे. आम्ही गिऱ्हाइकाला नेहमी उलटा हिशेब मांडायला सांगतो: ही गाडी कंपनीतून आली तशी करायची झाल्यास किती खर्च येईल? बोल्ट काढून जे उतरवता येते त्याचा खर्च थोडा असतो. कापलेले, भोक पाडलेले आणि वेल्डिंग केलेले मात्र परत येत नाही, आणि ती रक्कम गाडीच्या किमतीतून वजा झाली पाहिजे.

पुष्कळदा कळीचा मुद्दा टायरचा असतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. थारच्या वरच्या प्रकाराला 255/65 आर 18 मापाचा टायर येतो. त्याचा व्यास साधारण 31 इंच भरतो. हौसेने 33 इंची टायर बसवला, की चाकाचा एक फेरा सुमारे सहा टक्क्यांनी लांब होतो. काटा 80 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 85 च्या वेगाने धावत असते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने याहून महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी ती अशी, की किलोमीटरची नोंदही तेवढीच मागे राहते. मीटरवर 50,000 दिसणारी गाडी सगळे अंतर त्या टायरवर चालली असेल, तर सुमारे 53,000 किलोमीटर चाललेली असते, आणि यात कोणी लबाडी केलेली नसते. शिवाय मोठे चाक म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच उंच होणे, अर्थात ओढ कमी पडणे. चढावर किंवा चिखलात चालक क्लच अर्धवट दाबून ती उणीव भरून काढतो. म्हणून अशा गाडीचा क्लच आम्ही सपाट रस्त्यावर पाहत नाही. चढावर उभी करून, हलक्या हाताने मागे घेऊन पाहतो.

लिफ्टबाबतचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. चेसिस दोन इंच उंच झाली म्हणजे गाडी दगडावरून दोन इंच अधिक वर जाते, असे अनेकांना वाटते. अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक आस) असलेल्या गाडीत सर्वांत खाली लोंबणारा भाग म्हणजे ॲक्सलवरचा डिफरन्शिअलचा गोळा, आणि तो लिफ्टने केसभरही वर जात नाही. तो वर जातो फक्त टायरच्या व्यासातील फरकाच्या निम्म्याने. लिफ्टचा उपयोग मोठ्या टायरला जागा करून देणे आणि पुढचा-मागचा चढ-उताराचा कोन सुधारणे एवढाच आहे. त्याची किंमतही गाडीगणिक वेगळी पडते. जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहेत. तेथे उंची वाढवली की पुढचा ॲक्सल किंचित फिरतो, कॅस्टरचा कोन, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव, कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होईनासे होते, तर ॲक्सलला आडवे धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे तो एका बाजूला सरकतो. नव्या थारच्या पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तेथे जास्त उंची घेतली, तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टचे वळते सांधे (सीव्ही जॉइंट) सतत तिरपे चालतात आणि त्यांची रबरी टोपणे फाटून आत माती जाते. ही टोपणे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण विकत घेणारे बहुतेक जण खाली वाकत नाहीत.

आमच्या भागातील जमिनीचा विचारही या निवडीत आला पाहिजे. कन्नडच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा बीडकडे बालाघाटात खडक आहे. तेथे पोटाखालचे संरक्षक पत्रे आणि लो गिअर कामाला येतात. गंगापूर, पैठण, गेवराई, परभणी येथील काळ्या रानात पाऊस पडला, की प्रश्न पूर्ण वेगळा होतो. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत भरून बसते आणि थोड्या अंतरातच कंपनीच्या टायरचा गुळगुळीत गोळा करून टाकते. अशा वेळी हवा 18-20 पौंडांपर्यंत उतरवणे आणि रुंद खाचांचा टायर असणे, याचा उपयोग चार इंचांच्या लिफ्टपेक्षा कितीतरी अधिक होतो. गोदाकाठच्या एका गावचे वयस्कर शेतकरी दोन गाड्या पसंत करून आमच्याकडे आले होते. एक साधी वापरलेली थार, आणि दुसरी बंपर, विंच, छतावरची जाळी अशी सर्व साजशृंगार केलेली. मी त्यांना विचारले, “काका, गाडी नेमकी कशाला पाहिजे?” ते म्हणाले, “दादा, मला डोंगर चढायचा नाही. पावसात रानातून घरी यायचंय.” त्यांच्यासाठी पहिली गाडी आणि टायरचा एक चांगला संच पुरेसा होता. दुसऱ्या गाडीवरच्या वाढीव लोखंडाचे वजन तर काळ्या मातीत त्यांच्या विरोधातच गेले असते.

मूळ गाडी आणि बदललेली गाडी यांतील रेषा नेहमी स्पष्ट असतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. फोर्सच्या गुरखा गाडीला स्नॉर्कल आणि दोन्ही डिफरन्शिअलचे लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कुलपे) कारखान्यातूनच येतात. तीच व्यवस्था दुसऱ्या गाडीला बाहेरून करायची झाल्यास खर्च मोठा होतो, आणि स्नॉर्कलचे सांधे हवाबंद नसतील तर तो केवळ देखावा ठरतो. बाहेरून बसवलेला स्नॉर्कल दिसला, की आम्ही एअर फिल्टरचा डबा उघडून त्यात धूळ किंवा पाण्याचे डाग आहेत का ते पाहतो. त्यानंतर ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळ्या (आतली हवा ये-जा करण्याच्या) वर नेल्या आहेत का, ते तपासतो. इंजिनाचा श्वास वर घेतला आणि ब्रीदर खालीच ठेवले, तर पाण्यात उतरलेल्या गाडीचे डिफरन्शिअलचे तेल दुधाळ झालेले सापडते. सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीनंतर तर कोणत्याही वापरलेल्या गाडीचे, मग ती साधी असो वा बदललेली, तेलाचे बोल्ट सैल केल्याशिवाय आम्ही अभिप्राय देत नाही.

कागदपत्रांचा भाग माझी धाकटी बहीण पाहते, आणि गाडी रॅम्पवर घेण्याआधी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) तिच्या टेबलावर गेली पाहिजे हा नियम तिनेच लावला. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बंपरपुढे लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना दिल्या होत्या. पादचाऱ्याला होणारी इजा आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात येणारा अडथळा, ही त्यामागची कारणे. बदललेली गाडी घेणारा माणूस मालकी हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही करतो, तेव्हा आधीच्या मालकाची हौसही त्याच्या नावावर चढते, आणि विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो. मुंबई-पुण्याकडून किंवा दुसऱ्या राज्यातून स्वस्तात आलेल्या गाडीच्या बाबतीत ही बाजू अधिकच जपून पाहावी लागते.

जुन्या गाड्यांना हा सारा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. 1985 मध्ये आलेली मारुतीची जिप्सी 2019 मध्ये बाजारातून गेली. आज जशीच्या तशी जिप्सी मागणाऱ्याला आम्ही धीर धरायला सांगतो. महिंद्राच्या एमएम 540 सारख्या जुन्या जीपमध्ये मूळ इंजिन राहिलेले असणे हाच अपवाद. येथे प्रश्न बदल झाला का हा नसतो; तो कोणी केला, बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर आहे का आणि चेसिसवरचे वेल्डिंग कसे आहे, हे पाहायचे असते. अनुभवी मिस्त्रीच्या हाताची, नोंदी ठेवलेली, मालकाने स्वतः वापरून उणिवा काढून टाकलेली जुनी जीप मिळाली, तर ती कोऱ्या गाडीपेक्षा मी केव्हाही पसंत करेन. अशा गाडीत दुसऱ्याच्या चुकांची किंमत दुसऱ्यानेच भरलेली असते. मात्र तिचा मालक सहसा ती विकत नाही.

मध्यंतरी तयार गाड्या घेऊन विकण्याचा धंदा सुरू करावा, असे अनेकांनी सुचवले, आणि नफा पाहता ते आकर्षक होते. आम्ही तो मार्ग घेतला नाही, कारण जो स्वतः गाडी विकतो त्याने दिलेल्या तपासणीच्या अभिप्रायाला अर्थ उरत नाही. त्याऐवजी तपासणीचे ठरावीक शुल्क ठेवले, आणि गाडी घेऊ नका असे सांगितले तरी ते शुल्क घेतो. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटे, “नुसतं बघायचे पैसे?” असे तोंडावर विचारणारेही भेटले. आता जालना, बीड, परभणी, लातूर येथून माणसे सौदा ठरण्यापूर्वी गाडी घेऊन येतात, आणि विकणाऱ्याने तपासणीला नकार दिला तर तोही एक अभिप्रायच समजतात.

बदलाची कामे आम्ही करतो ती जशीच्या तशी गाडी निदान एक पावसाळा वापरल्यावर, म्हणजे मालकाला तिची खरी अडचण कळल्यावर. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत भरून मालकाच्या घरी पाठवतो आणि बसवलेल्या भागाची नोंद, छायाचित्रांसह, एका वहीत ठेवून तिची प्रत त्याला देतो. ती पेटी आणि ती वही सोबत असलेली बदललेली गाडी आमच्या दारात आली, तर तपासणीला लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो, आणि तशी गाडी घ्यायला आम्ही मोकळेपणाने सांगतो. विंचचे काम मात्र सध्या घेत नाही. पूर्ण ओढीला विंच चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते; त्यासाठी लागणारी जाड वायर, आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) आणि बॅटरीची जोडणी नीट करणारा आमचा वायरमन शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागला आहे, आणि त्याच्या तोडीचा माणूस मिळेपर्यंत अशी गिऱ्हाइके आम्ही पुण्याकडे पाठवतो.