चष्मा फ्रंट साईटचा

दूरचा नंबर अगदी बरोबर असलेला चष्मा लावून एअर पिस्तूल उचललं, की दहा मीटरवरचं काळं वर्तुळ ठसठशीत दिसतं आणि फ्रंट साईटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या पट्टीच्या, कडा मात्र विरघळतात. चाळिशी लागलेल्या बहुतेक नेमबाजांची ही तक्रार असते. माझीही होती. मायनस सव्वादोनचा नंबर, त्यात थोडं सिलिंडर (तिरकस नंबर) आणि वाचायला वेगळी काच, असं माझं प्रकरण आहे. क्लबमधलं कुणी ना कुणी मला नेमबाजीच्या चष्म्याबद्दल विचारत असतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करायची: हा चष्मा फ्रंट साईट दिसण्यासाठी करायचा आहे. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं. हे नुसतं शिकवायचं म्हणून कोच सांगत नाहीत, त्यामागे साधं गणित आहे. एअर पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं. हात सरळ राहून पिस्तूल एक मिलिमीटर बाजूला सरकलं, तर दहा मीटरवर छराही एकच मिलिमीटर सरकतो. पण फ्रंट साईट मागच्या साईटच्या खाचेत एक मिलिमीटर चुकीच्या जागी बसली, तर तीच चूक टार्गेटवर सुमारे ३१ मिलिमीटर होते. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे दहाचा शॉट थेट सातवर, काळ्याच्या कडेला. खाचेतल्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी सारख्या आहेत की नाहीत, हे डोळ्याला स्वच्छ दिसलंच पाहिजे, ते यासाठी.

आता अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. मागची साईट, पुढची साईट आणि टार्गेट ही तीन वेगवेगळी अंतरं आहेत. विशीतला डोळा दूरच्या नंबरातूनही फ्रंट साईटवर सहज येतो, पण ६० शॉट आणि ७५ मिनिटं म्हटल्यावर त्याचेही स्नायू थकतात. चाळिशीनंतर तर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि डोळा तिथवर पोचायलाच कुरकुरतो. ही मेहनत काचेवर सोपवायची.

किती सोपवायची, हाच खरा मुद्दा. माझ्या डोळ्यापासून फ्रंट साईटपर्यंत अंतर आहे ८० सेंटिमीटर. एक मीटरला ८० सेंटिमीटरनं भागलं की १.२५ येतात, म्हणजे डोळा पूर्ण सैल ठेवून फ्रंट साईटवरच फोकस हवा असेल तर दूरच्या नंबरात प्लस सव्वा मिळवावे लागतील. तसं केलं की साईट कोरीव दिसते, पण काळं वर्तुळ पसरून राखाडी ढग होतं आणि त्याच्याखाली नेमका किती पांढरा पट्टा सोडायचा तेच कळत नाही. म्हणून साधारण निम्मं घ्यायचं. पिस्तुलासाठी बहुतेकांना प्लस पाऊण जमतं. रायफलीची फ्रंट साईट आणखी लांब असते, तिथे प्लस अर्धा. माझा मायनस सव्वादोन त्यामुळे मायनस दीड झाला. सिलिंडर आहे तसंच राहतं, त्याला हात लावायचा नाही.

हे आकडे केवळ सुरुवातीचे आहेत. शेवटचा निर्णय ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून बघायची तपासणीची फ्रेम, लावूनच घ्यायचा. तपासणीला पिस्तूल नेता येत नाही, म्हणून मी सरावाच्या वेळी कुणाकडून तरी डोळ्यापासून फ्रंट साईटपर्यंत दोरी धरून घेते आणि तेवढ्याच लांबीची काठी नेते. काठीच्या टोकाला साईटच्या रुंदीची काळी पट्टी, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर काळं वर्तुळ. खोली लहान असेल तर वर्तुळ त्या प्रमाणात लहान कापायचं. मग अर्धा, पाऊण, एक अशा काचा एकेक करून घालून बघायच्या. ज्या सर्वांत कमी प्लसला पट्टीच्या कडा न ताणता स्वच्छ दिसतात, ती आपली काच. ‘अजून थोडं वाढवू का?’ असं विचारलं तर नको म्हणा. जास्तीचा प्लस साईटला फारसं काही देत नाही, टार्गेट मात्र हिरावून घेतो. आणखी एक, खोलीतले दिवे लावायला सांगा. अंधारात बाहुली मोठी होते, फोकसची खोली कमी होते, आणि तिथे निवडलेली काच उजळलेल्या रेंजवर जरा जास्तच वाटते.

फ्रेमबद्दल मी आग्रही आहे. रोजचा चष्मा समोर बघण्यासाठी बनवलेला असतो. पिस्तूल धरताना आपण बाजूनं उभे राहतो, मान वळवतो आणि काचेच्या कडेच्या भागातून बघतो. तिथे नंबर तोच असला तरी काच तिरकी पडते आणि प्रतिमा थोडी फाटते. नंबर मोठा असेल तर जास्तच. नेमबाजीच्या फ्रेमवर एकच गोल काच असते, ती वर-खाली, आत-बाहेर सरकवून नजरेच्या रेषेला काटकोनात आणता येते. नॉब्लॉख, चॅम्पियन, वर्गा ही या फ्रेममधली जुनी नावं. काच डोळ्यापासून फार पुढेही नेऊ नका, मोठ्या नंबरात तेवढ्यानंसुद्धा परिणामी नंबर बदलतो.

सिलिंडर असणाऱ्यांनी मात्र इथे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावं. गोल काच होल्डरमध्ये फिरू शकते, आणि फिरली की ॲक्सिस, म्हणजे सिलिंडरचा कोन, गेला. काच बसवून घेताना ॲक्सिसची खूण करून घ्या आणि ती नेम धरलेल्या स्थितीत जुळवा, आरशासमोर ताठ उभं राहून नव्हे. रायफलवाले गाल टेकवताना डोकं झुकवतात, तेव्हा डोळ्याचा ॲक्सिसही झुकतो.

आयरिस ही फार सुंदर सोय आहे. काचेसमोरचं छोटं छिद्र लहान केलं की साईट आणि टार्गेट दोन्ही एकाच वेळी जास्त स्वच्छ होतात. पण उजेड कमी होतो, आणि छिद्र फारच बारीक केलं तर प्रकाश विखुरल्यानं कडा पुन्हा मऊ पडतात. म्हणून आधी नंबर बरोबर, मग आयरिस. चुकलेल्या नंबरावर आयरिसचं पांघरूण घालू नये असं माझं ठाम मत आहे. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरची झापड दुधी, उजेड आत येऊ देणारी घ्या. दोन्ही बाहुल्या जोडीनं लहान-मोठ्या होतात, त्यामुळे एक डोळा मिटला किंवा काळ्या झापडेनं झाकला की दुसऱ्याची बाहुलीही मोठी होते. स्पर्धेत ही झापड ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. नंबराची काच पिस्तुलावर बसवायलाही मनाई आहे, ती अंगावरच हवी.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत दूरपासून जवळपर्यंतचे नंबर असलेल्या, चष्म्यावर भागवता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर नाही. साईटच्या अंतराचा पट्टा त्यात अरुंद असतो आणि प्रत्येक शॉटला मान तिथेच येईल याची खात्री नाही. रायफलीच्या डायॉप्टर साईटचं (बारीक छिद्रातून बघायच्या मागच्या साईटचं) छिद्र स्वतःच आयरिसचं काम करतं, म्हणून तिथे नंबरातली थोडी चूक खपून जाते. क्ले टार्गेटचा मामला तर उलटाच आहे. तिथे दोन्ही डोळे उघडे, नजर उडत्या तबकडीवर, नंबर पूर्ण दूरचा.

आणि ही छोटी गोल काच संरक्षण देत नाही. शिशाचे कण उलटून येतात, काडतुसाच्या पिस्तुलातून तापलेली रिकामी पुंगळी उडते. शेजारी तसं काही चालू असेल तर मी पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा लावते आणि त्याच्यातही पिस्तुलाचाच नंबर बसवून घेतला आहे.

काच बनली की तिचा नंबर, ॲक्सिस, साईटचं अंतर आणि फ्रेमच्या प्रत्येक स्क्रूची जागा एका कागदावर लिहून पिस्तुलाच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी दूरचा नंबर बदलला तर त्यात तेवढाच प्लस मिळवून फक्त काच बदलायची, आणि ट्रायल फ्रेम लावून एकदा खात्री करायची.